बातमीचा माग उलटा कसा काढायचा: प्रचार आणि जनसंपर्क ओळखू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर उपसंपादक होतो आणि नंतर काही वर्षं एका जनसंपर्क संस्थेत प्रसिद्धीपत्रकं लिहायचो. आधी पत्रकं निवडून छापणारा, मग तीच लिहून पाठवणारा. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट पक्की कळली: लोकांचं मत घडवायला खोटं बोलायची गरज फार कमी वेळा पडते. खऱ्या गोष्टींपैकी कुठली सांगायची, कोणाच्या तोंडून, कुठल्या दिवशी आणि किती वेळा, एवढं हातात असलं की पुरतं. म्हणून 'हे खरं की खोटं?' हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा: हे माझ्यापर्यंत आलं कसं, आणि या प्रवासाचं भाडं कोणी भरलं?

खालचे टप्पे मी स्वतः ठेचा खात शिकलो. पहिल्यांदा एका दाव्याला तासभर लागेल. पाच-सहा दावे झाले की हात बसतो.

काय काय लागेल

- एक वही. मोबाईलमधली नोंदही चालते, पण मागची पानं उलटून बघायची सवय वहीनेच लागते.
- कुठलंही शोधयंत्र. अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने सापडतात.
- छायाचित्रावरून शोध घ्यायची सोय. बहुतेक शोधयंत्रांत ती असते.
- वेबॅक मशीन. वेबपानांच्या जुन्या प्रती तिथे मिळतात. एखाद्याने पान गुपचूप बदललं असेल तर इथे सापडतं.
- एकमेकांशी न पटणारी निदान दोन वर्तमानपत्रं.

१. शब्दांचा गोंधळ आधी मिटवा, पण त्यात अडकू नका

मराठीत 'प्रचार' हा शब्द फारसा बदनाम नाही. उमेदवार प्रचाराला निघतो आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. वाईट अर्थ हवा असला की आपण 'अपप्रचार' म्हणतो. युरोपात 'प्रोपागंडा' हा शब्द रूढ झाला तो चर्चमधून. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक खातं उभारलं, त्याच्या लॅटिन नावात हा शब्द होता. त्याची रया गेली ती पहिल्या महायुद्धात. अमेरिकेच्या युद्धकालीन प्रचार समितीत काम केलेले एडवर्ड बर्नेज युद्धानंतर तेच कसब धंद्यात घेऊन आले, आणि जुना शब्द खराब झाल्यामुळे आपण 'पब्लिक रिलेशन्स' हा शब्द धरला, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. दुकान तेच, पाटी नवी.

कामापुरता फरक एवढा लक्षात ठेवा. जाहिरातीत पैसे कोणी मोजले ते दिसतं. जनसंपर्कात पैसे देणारा मागे उभा असतो आणि बोलणारा कोणी तरी दुसराच असतो. प्रचारात एकच बाजू इतक्या ठिकाणांहून ऐकू येते की दुसरी बाजू असेल, असं मनातही येत नाही. तिन्हींच्या सीमा पुसट आहेत. अमुक गोष्ट नेमकी कशात बसते यावर वाद घालण्यात मी बराच वेळ घालवलाय, हाती काही लागलं नाही.

२. एकच दावा उचला आणि तो जसाच्या तसा उतरवून घ्या

अख्ख्या बातमीशी झुंजू नका. एक वाक्य घ्या, आणि ते स्वतःच्या शब्दांत लिहू नका. आपण सारांश करायला गेलो की 'असल्याचे समजते' गळून पडतं आणि उरतं ते 'आहे'. क्रियापदाखाली रेघ मारा. 'बोलले जाते', 'मानले जाते', 'चर्चा आहे' अशा रचनेत कर्ता गायब असतो, आणि आपल्याला शोधायचाय तो नेमका कर्ताच. शेजारी तारीख, वेळ आणि तुम्हाला ते कुठे दिसलं ते लिहा.

३. उलट्या दिशेने चालत मूळ गाठा

हा सगळ्यात किचकट टप्पा, आणि सगळ्यात मजेदारही.

जनसंपर्क संस्थेत असताना एका पत्रकात मी एका साहेबांचं पद चुकवलं. होते महाव्यवस्थापक, माझ्या हातून झालं 'उपमहाव्यवस्थापक'. दुसऱ्या दिवशी ती बातमी तीन वर्तमानपत्रांत आली. तिन्हींत साहेबांची पदावनती झालेली होती. एका ठिकाणी तर वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असंही छापलं होतं. साहेब माझ्यावर भडकले ते वेगळंच, पण मला धक्का बसला तो याचा की तीन डेस्कांपैकी एकानेही एक फोन केला नव्हता. आणि मला तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण डेस्कवर असताना रात्री साडेदहाला पान सोडायची घाई असली की मीही हेच करायचो. चार परिच्छेदांचं, मथळ्यासकट तयार पत्रक म्हणजे रिकाम्या जागेवर देवानेच पाठवलेला मजकूर.

पत्रक ओळखायच्या खुणा सांगतो. चुका सारख्या असतात. विशेषणं सारखी असतात. आणि अवतरणातलं वाक्य असं असतं की जिवंत माणूस ते कधी बोलणार नाही: 'या उपक्रमामुळे समाजातील सर्व घटकांच्या सर्वांगीण विकासाला चालना मिळेल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला.' त्यांनी काहीही व्यक्त केलेलं नसतं. ते वाक्य माझ्यासारख्याने चहा पिता पिता लिहिलेलं असतं आणि साहेबांनी फार तर त्यावरून नजर फिरवलेली असते. असं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. चार ठिकाणी जसंच्या तसं सापडलं, तर तुमच्याकडे चार बातम्या नाहीत, एक पत्रक आहे.

पत्रक म्हणजे खोटं, असं मात्र धरून चालू नका. त्यातली माहिती बरोबर असू शकते. फक्त ती कोणी तपासलेली नाही, एवढंच तुम्हाला आता कळलं. आधुनिक जनसंपर्काचे एक जनक आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये जाहीर केलं होतं की आमचं काम उघड असेल आणि माहिती अचूक असेल. १९१४ मध्ये कोलोरॅडोत लडलो इथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर हल्ला झाला, बायका-मुलं मेली. त्यानंतर खाणमालकांच्या, म्हणजे रॉकफेलर घराण्याच्या बाजूने लींनी पत्रकं काढली. त्यांत चुकीचे आकडे निघाले. चौकशी आयोगापुढे त्यांनी कबूल केलं की कंपनीने दिलेली माहिती आपण पडताळली नव्हती. हे वाचल्यावर मला लींचा राग आला नाही. आपलं नाव कुठल्या यादीत बसतं ते कळलं.

आता मुद्दाम पसरवलेल्या कंडीचा प्रवास बघा. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे नामांकित अमेरिकन शास्त्रज्ञ होता, आणि दावा असा की एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला. दोनेक वर्षं फारसं काही झालं नाही. १९८५ मध्ये सोव्हिएत साप्ताहिक 'लितरातूर्नाया गझेता'ने तीच गोष्ट उचलली, आधाराला दिल्लीच्या वर्तमानपत्राचा हवाला देऊन. मग पूर्व जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने तिला शास्त्रीय भाषेचा अंगरखा चढवला. १९८७ पर्यंत ती अनेक खंडांतल्या कित्येक भाषांमध्ये छापून आली होती. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर विभागाचे प्रमुख येव्गेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे सोव्हिएत हेरखात्याचा हात असल्याचं मान्य केलं.

यातलं कसब कशात आहे? सोव्हिएत वर्तमानपत्राने थेट म्हटलं असतं तर लोकांनी खांदे उडवले असते. आधी ती परक्या मातीत पेरली आणि मग 'बघा, भारतातलं वर्तमानपत्रही हेच म्हणतंय' असं दाखवलं. म्हणून माग काढताना हवाल्याचा हवाला बघत राहा. 'अ' म्हणतो 'ब'ने छापलं, 'ब' म्हणतो 'क'ने सांगितलं, आणि 'क' पुन्हा 'अ'कडे बोट दाखवतो, असं वर्तुळ सापडलं तर वहीत मोठा गोल काढा.

सापळा: सर्वांत जुनी प्रत सापडली की तीच मूळ, असं वाटतं. ती फक्त तुम्हाला सापडलेली सर्वांत जुनी प्रत असते.

४. बोलणारा कोण ते बघा, मग त्याच्या खांद्यामागे बघा

आपण संदेशापेक्षा तोंडावर जास्त विश्वास ठेवतो: डॉक्टर, आई, सैनिक, लहान मूल. म्हणून या धंद्यात पहिला शोध असतो तो तोंडाचा.

३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं. बायकांनी रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा अब्रह्मण्यम होतं. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली समानतेची. घडवून आणणारे बर्नेज होते, आणि त्यांना पैसे देत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. अर्ध्या गिऱ्हाइकांनी उघड्यावर सिगारेट ओढू नये हे त्या कंपनीला परवडणारं नव्हतं. एक गंमत सांगायची तर, या एका घटनेने बायकांच्या धूम्रपानाची सगळी बंधनं तुटली, ही कथाही मोठ्या प्रमाणात बर्नेज यांनीच सांगत सांगत मोठी केली. जनसंपर्कवाल्याने स्वतःच्या यशाबद्दल सांगितलेली गोष्ट हेही एक पत्रकच असतं.

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काही लोकप्रतिनिधींपुढे पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत रडत साक्ष दिली: इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली. तिचं फक्त पहिलं नाव जाहीर केलं होतं, नायिरा. राष्ट्राध्यक्षांसकट अनेकांनी ही गोष्ट भाषणांत वापरली. आखाती युद्ध होऊन गेल्यावर, जानेवारी १९९२ मध्ये, उघड झालं की ती अमेरिकेतल्या कुवेती राजदूतांची मुलगी होती. साक्षीची आखणी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीने केली होती. या कंपनीचं अशील होतं 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' या नावाची संस्था. नाव नागरिकांचं होतं, पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा होता आणि कंपनीचं बिल एक कोटी डॉलरच्या वर गेलं. इन्क्युबेटरच्या गोष्टीला नंतर पुरावा मिळाला नाही. बारकावा असा की ज्या मंचापुढे साक्ष झाली ती अमेरिकी संसदेची अधिकृत समिती नव्हती, लोकप्रतिनिधींचा एक गट होता. तिथे शपथ घ्यावी लागत नाही.

या टप्प्यात वहीत लिहायचे प्रश्न:

- बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि आडनाव दिलंय का? नसेल तर कारण दिलंय का?
- संस्थेच्या नावात 'नागरिक', 'मंच', 'जागृती', 'संशोधन' असे शब्द असतील तर ती कधी स्थापन झाली? वाद सुरू झाला त्याच्या महिनाभर आधी का?
- तिचा खर्च कोण चालवतं? तिच्या स्थळावर 'देणगीदार' हे पान आहे का, की नुसते हसरे फोटो?
- हा माणूस हे बोलायला कुठे बसलाय? न्यायालयात, संसदेत, की भाड्याने घेतलेल्या सभागृहात?

५. जे सांगितलं नाही ते शोधा

डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारं संशोधन लोकांपर्यंत पोहोचायला लागलं होतं. त्यांनी सल्ला घेतला जॉन हिल यांचा, म्हणजे वरच्याच हिल अँड नोल्टन कंपनीच्या संस्थापकाचा. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत त्यांचं निवेदन झळकलं. ते सावकाश वाचण्यासारखं आहे, कारण आमचा माल आरोग्याला अपायकारक नाही असं आम्ही मानतो, एवढं म्हणून ते पुढे सरकतं, त्यावर गळा काढत बसत नाही. लोकांचं आरोग्य ही आमची मूलभूत जबाबदारी आहे, म्हणून आम्ही संशोधनाला पैसे देऊ, असा एकंदर सूर आहे. 'संशोधन समिती'ही स्थापन झाली. नाकारत बसण्यापेक्षा 'अजून पक्कं कळलेलं नाही' हे वाक्य जिवंत ठेवणं स्वस्त पडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर साफ लिहिलंय की शंका हाच आपला माल आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने या कंपन्यांनी कित्येक दशकं लोकांची फसवणूक केल्याचा निकाल दिला.

त्यामुळे 'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात' असं कोणी म्हटलं की मी आता विचारतो, दुसऱ्या बाजूची माणसं किती आणि त्यांचा पगार कोण देतं. एका बाजूला सगळं शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला दोन नेमलेले तज्ज्ञ, तरी टीव्हीच्या पडद्यावर दोघांना सारखीच चौकट मिळते.

आकड्यांचंही तसंच. 'दुप्पट झाले' म्हणजे एकाचे दोन की हजाराचे दोन हजार? टक्केवारी दिसली की 'कशाच्या?' असं समासात लिहायचं आणि उत्तर सापडेपर्यंत तो आकडा वापरायचा नाही. आलेख असेल तर उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का ते बघा. मी स्वतः असे आलेख बनवून दिलेत ज्यांत तो शून्यापासून सुरू होत नव्हता.

६. किती वेळा ऐकलं ते मोजा

१९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधानं ऐकवली. काही खरी होती, काही खोटी. जी विधानं पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती विद्यार्थ्यांना दर खेपेला जास्त खरी वाटत गेली. ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं यांची मनात गल्लत होते.

१९१७ मध्ये हे संशोधन नव्हतं, पण जॉर्ज क्रील यांच्या समितीला, म्हणजे बर्नेज होते त्याच युद्धकालीन प्रचार समितीला, मर्म ठाऊक होतं. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले. चित्रपटगृहात रीळ बदलायला जो वेळ लागायचा, त्यात हे उठून चार मिनिटं बोलायचे. मुद्दे वॉशिंग्टनहून यायचे, आवाज मात्र गावातल्याच ओळखीच्या वकिलाचा किंवा शिक्षकाचा असायचा. नातेवाइकांच्या गटात येणारे संदेश आपल्याला का पटतात याचं उत्तर मला इथे मिळालं. मजकूर कोणाचाही असो, तो काकांनी पाठवलेला असतो.

करायचं ते सोपं आहे. दावा दिसेल तेव्हा वहीत त्याच्यापुढे एक उभी रेघ मारायची. आठवड्याने रेघा मोजा आणि बघा, पुरावे किती वाढले आणि रेघा किती वाढल्या.

सापळा, ज्यात मी पडलो: 'खोटं शंभरदा सांगितलं की खरं होतं' हे हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याचं वाक्य मी एका प्रशिक्षण वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. एका मुलीने विचारलं, कुठे म्हणालेत ते? शोधायला बसलो. गोबेल्स असं म्हणाल्याचा विश्वसनीय आधार मिळत नाही. प्रचाराबद्दलचं सर्वांत प्रसिद्ध वाक्यच निव्वळ पुनरुक्तीने खरं झालेलं.

७. स्वतःची नाडी धरा

वाचताना राग, अभिमान किंवा भीती एकदम उसळली तर ते वहीत लिहा. भावना आली म्हणजे मजकूर खोटा, असं नव्हे. फक्त अशा वेळी बोट 'पुढे पाठवा'वर आपोआप जातं. मी फोन उपडा ठेवून पाणी पिऊन येतो. आणि महिन्याने वही चाळून बघा: तपासलेले सगळे दावे जर तुम्हाला न आवडणाऱ्या बाजूचेच निघाले, तर पुढचा दावा स्वतःच्या बाजूचा घ्या.

८. सगळंच खोटं मानण्याच्या फंदात पडू नका

नवशिक्यांची ही हमखास चूक. चार पत्रकं पकडली की 'सगळे विकले गेलेत' असं वाटायला लागतं, आणि माणूस काहीच मानेनासा होतो.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिश वर्तमानपत्रांत बातमी आली की जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. १९२५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये तिला आधार नसल्याचा जर्मन खुलासा स्वीकारला. लोकांनी धडा घेतला: युद्धातल्या अत्याचारांच्या बातम्या म्हणजे थापा. मग दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या बातम्या बाहेर यायला लागल्या, तेव्हा कित्येक शहाण्या, वाचणाऱ्या माणसांना त्या जुन्याच थापांची नवी आवृत्ती वाटल्या. त्या खऱ्या होत्या.

हीच साधनं लसीकरणासाठी, रक्तदानासाठीही वापरली जातात. तिथेही ओळखीचं तोंड, पुनरुक्ती, एकच सोपं वाक्य असतं. तिथेही वरचेच प्रश्न विचारा. बहुतेकदा पैसे देणाऱ्याचं नाव फलकावरच सापडतं.

९. माग तुटला तर

बंद गटांत फिरणारे संदेश आणि ध्वनिफिती यांचा माग शोधयंत्राने लागत नाही. पाठवणाऱ्यालाच विचारा, 'तुला कुठून आलं?' भांडणाच्या सुरात विचारलं तर उत्तर येत नाही. 'मला मूळ वाचायचंय' म्हटलं की लोक मदत करतात. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या माणसापलीकडे हा रस्ता जात नाही, कारण तिथे कोणी तरी सांगतं, 'आठवत नाही, आलं होतं कुठून तरी.' तिथे थांबा. वहीत दाव्याच्या शेजारी तारीख टाका, 'मूळ सापडलं नाही' असं लिहा, आणि खाली दोन ओळी रिकाम्या ठेवा. काही दावे वर्षभराने पुन्हा उगवतात, कधी वेगळ्या गावाचं नाव लावून, आणि तेव्हा त्या दोन ओळी लागतात.